हातमागाच्या कापडातली पहिली पुस्तके : कोलकात्याचे ‘रायटर्स वर्कशॉप’

कोलकात्याच्या ‘रायटर्स वर्कशॉप’ या प्रकाशनसंस्थेची पुस्तके मी बऱ्याच वर्षांपासून विकत घेत आले आहे. काही टपालाने मागवलेली आहेत, तर बरीचशी मुंबईत फोर्टच्या पदपथावर आणि पुण्यात जुन्या पुस्तकांच्या दुकानांत मिळालेली आहेत. इंग्रजीतून लिहिणाऱ्या भारतीय कवींविषयी आस्था असलेल्या मराठी वाचकाला या संस्थेची ओळख बहुधा एखाद्या तळटीपेतून किंवा संदर्भसूचीतल्या एका ओळीतून होते आणि तिथेच थांबते. तिच्या पुस्तकांचे गुणदोष खरेदीदाराच्या आणि वाचकाच्या बाजूने सविस्तर मांडावेत, एवढ्यासाठी हे परीक्षण लिहीत आहे. संस्था १९५८ मध्ये सुरू झाली. पुरुषोत्तम लाल, अनिता देसाई, जय रतन, देब कुमार दास आदी लेखक त्या वेळी एकत्र आले होते, आणि इंग्रजीत सर्जनशील लेखन करणाऱ्या भारतीयाला आपल्याच देशात प्रकाशक मिळावा, एवढीच त्यांची इच्छा होती. असा प्रकाशक मिळण्याची चिन्हे दिसेनात, तेव्हा त्यांनी ते काम स्वतःच्या अंगावर घेतले. नफा कमावणे हा हेतू तेव्हाही नव्हता आणि पुढेही कधी झाला नाही. दक्षिण कोलकात्यातल्या लेक गार्डन्स भागातील लालांच्या राहत्या घरातून हा सारा कारभार चालला, आणि आजवर तिथून ३,००० हून अधिक पुस्तके बाहेर पडली आहेत.

या पुस्तकांविषयी बोलताना दोन प्रश्न वेगळे ठेवावेत असे मला वाटते. पुस्तक कसे घडवले आहे हा एक प्रश्न, आणि आत जे छापले आहे ते वाचण्याजोगे आहे का हा दुसरा. संस्थेवर प्रेम करणारे पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात दुसऱ्याचे उत्तर दडवून टाकतात, आणि तिच्यावर टीका करणारे दुसऱ्या प्रश्नात इतके गुंततात की पहिल्याकडे पाहतही नाहीत.

प्रथम पुस्तकाची घडण पाहू. संस्थेच्या सजिल्द पुस्तकाला चित्र छापलेले कागदी वेष्टन नसते. पुठ्ठ्यावर हातमागाच्या साडीचे कापड चढवलेले असते, आणि कित्येक प्रतींवर त्या साडीचा काठ मुखपृष्ठाच्या कडेने उभा उतरलेला दिसतो. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती शेजारी ठेवल्या, तर त्यांचे कापड वेगळे असू शकते. शीर्षक आणि लेखकाचे नाव त्या कापडावर सोनेरी ठशात उमटवलेले असते. ही अक्षरे लालांनी स्वतः सुलेखनाच्या पेनाने काढलेली असल्यामुळे, विषय कोणताही असला आणि लेखक कोणीही असला, तरी पुस्तक कोणाच्या हातून आले आहे हे दुरूनही ओळखू येते. जुन्या पुस्तकांत एक छोटे निवेदन छापलेले असे. खिळे हाताने जुळवले आहेत, छपाई भारतीय बनावटीच्या, हाताने चालणाऱ्या यंत्रावर झाली आहे, कागद भारतात तयार झालेला मॅपलिथो आहे, शिवण, डकवणे आणि बांधणी ही कामे हाताने केलेली आहेत, असा तपशील त्यात असे, आणि छापणाऱ्याबरोबर बांधणी करणाऱ्याचेही नाव दिलेले असे. मुद्रकाचे नाव आपल्याकडे पुस्तकावर येत राहिले ते १८६७ च्या कायद्याने बंधनकारक केले होते म्हणून. बाइंडरचे नाव छापायला कोणत्याही कायद्याने सांगितले नव्हते. पुस्तक बांधणाऱ्या कारागिराला श्रेय देण्याची ही रीत मराठी प्रकाशकांनी उचलावी असे मला फार वाटते, कारण आपल्याकडचे कुशल बाइंडर आयुष्यभर निनावी राहिले आहेत.

खिळ्यांवर छापलेल्या पानावरून बोट फिरवले की अक्षरांचा दाब कागदाच्या पाठीमागच्या बाजूलाही जाणवतो. कवितेला पानावर पुरेशी मोकळी जागा असते, आणि कविता लहान आहे म्हणून एका पानावर दोन कोंबण्याचा हिशेबीपणा नसतो. हातमागाचे कापड कापडाच्याच धर्माने वागते, हे मात्र घेणाऱ्याने लक्षात ठेवावे. उन्हात राहिले तर कण्याकडचा रंग उडतो, कोपऱ्यांचे धागे काळाने सुटू लागतात, आणि मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात दमट हवा आत शोषली जाते. अशा पुस्तकाला प्लास्टिकचे आवरण घालू नये, त्याने दमटपणा आतच कोंडला जातो. काचेच्या कपाटात उभे ठेवून शेजारी वेखंडाची पुरचुंडी ठेवावी. पुढे खिळ्यांची छपाई सगळीकडून गेली. साडीच्या कापडातली बांधणी मात्र या संस्थेने सोडली नाही.

या बांधणीचे मला सर्वांत मोलाचे वाटते ते असे की तिच्यात प्रतवारी नाही. ज्याचे नाव कोणी ऐकलेले नाही अशा विशीतल्या कवीच्या चाळीस-पन्नास पानांच्या संग्रहाला जे कापड आणि जे सोनेरी अक्षर मिळते, तेच महाभारताच्या खंडाला मिळते. व्यापारी प्रकाशक नवख्या कवीचे पुस्तक काढतो तेव्हा कागद, बांधणी आणि मुखपृष्ठ या तिन्हींत काटकसर करतो, आणि पुस्तक हातात घेणाऱ्याला ती लगेच कळते. पहिले पुस्तकही सन्मानाने घडवले जावे, हा आग्रह रायटर्स वर्कशॉपने सहा दशके चालवला, आणि संस्थेची खरी सेवा मी यातच मानते.

हे सारे प्रत्यक्षात एका माणसाच्या श्रमावर उभे होते. लाल यांचा जन्म १९२९ चा, पंजाबातल्या कपूरथळ्याचा. पण वाढले, शिकले आणि राहिले ते कोलकात्यातच. सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्यांनी दीर्घकाळ इंग्रजी शिकवले, आणि उरलेल्या वेळात हस्तलिखिते वाचणे, लेखकांना पत्रे लिहिणे, मुद्रिते तपासणे, मांडणी ठरवणे आणि अक्षरे काढणे ही सगळी कामे त्यांनी स्वतः केली. पगारी संपादकवर्ग नव्हता. १९७० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तरी कामाची पद्धत बदलली नाही. संस्थेच्या सुरुवातीच्या काळात इंग्रजीत कविता लिहिणाऱ्या भारतीयाकडे कोणत्या नजरेने पाहिले जाई, हे समजून घेतल्याशिवाय या चिकाटीचे मोल कळत नाही. १९६३ मध्ये लंडनहून निघालेल्या एका काव्यकोशात बुद्धदेव बसू यांच्यासारख्या थोर बंगाली कवीने असे मत नोंदवले की हा मार्ग पुढे कुठेच जात नाही. लालांनी त्याला उत्तर दिले ते त्यांच्या रीतीने. त्यांनी इंग्रजीत लिहिणाऱ्या कवींना प्रश्नावली पाठवली, त्यांची उत्तरे आणि कविता गोळा केल्या, आणि १९६९ मध्ये १३२ कवींचा एक जाडजूड संग्रह छापून वाचकांपुढे ठेवला. त्यातल्या कित्येक कवींची नावे आज कोणाला आठवणार नाहीत, हे खरे आहे. पण एका भाषेत कोण लिहिते आहे आणि का लिहिते आहे, याची इतकी प्रामाणिक नोंद त्या काळात दुसऱ्या कोणी केली नव्हती. मराठीतही इंग्रजीत लिहिणाऱ्या आपल्या माणसाकडे संशयाने पाहण्याची सवय जुनी आहे, म्हणून हा संग्रह मराठी वाचकाने एकदा तरी चाळावा असे मी सुचवीन. कवितांइतकीच त्यातली कवींची उत्तरे वाचनीय आहेत.

आता दुसरा प्रश्न, आतल्या मजकुराचा. संस्थेची यादी वाचताना आश्चर्य वाटते ते तिच्यातल्या पहिल्या पुस्तकांचे. आदिल जस्सावाला यांचा पहिला संग्रह १९६२ मध्ये इथून आला, केकी दारूवाला यांचा १९७० मध्ये, आणि आगा शाहिद अली यांचा १९७२ मध्ये. जयंत महापात्र यांचे अगदी सुरुवातीचे एक पुस्तक १९७१ चे आहे. विक्रम सेठ यांच्या सुरुवातीच्या कविताही याच साडीच्या कापडात निघाल्या. पुढे महापात्र, दारूवाला आणि जस्सावाला या तिघांनाही साहित्य अकादमीचे पुरस्कार मिळाले, आणि आगा शाहिद अली अमेरिकेत जाऊन काश्मीरचा फार मोठा कवी म्हणून ओळखले गेले. हे सर्वजण जेव्हा कोणीच नव्हते, तेव्हा त्यांची हस्तलिखिते लेक गार्डन्सच्या टेबलावर वाचली गेली होती. निस्सीम इझिकेल यांचे तसे नव्हते. ते तोवर मुंबईत प्रस्थापित झाले होते, तरी त्यांनी १९६० आणि १९६५ चे आपले संग्रह कोलकात्याला दिले. आईला रात्री विंचू चावतो ती शाळा-महाविद्यालयांत आजही शिकवली जाणारी त्यांची कविता १९६५ च्या ‘द एक्झॅक्ट नेम’ या संग्रहातली आहे. इझिकेल बेने इस्रायली, म्हणजे कोकणात रुजलेल्या ज्यू समाजातले होते आणि त्या समाजाची मायबोली मराठी. विंचू उतरवायला जमलेले शेजारी, त्यांचे मंत्र, आणि सगळे संपल्यावर ‘देवाची कृपा, विंचू मला चावला, माझी मुले वाचली’ अशा अर्थाचे आईच्या तोंडी येणारे ते एक वाक्य मराठी वाचकाला परके वाटत नाही, याचे कारण हेच असावे.

मराठी वाचकासाठी या यादीतले सर्वांत जवळचे नाव मात्र गौरी देशपांडे यांचे आहे, आणि त्यांच्यासाठी थोडे थांबायला हवे. त्यांची मराठी कथा-कादंबरी १९८० नंतर वाचकांपर्यंत पोहोचली आणि आपल्या मनात त्यांची प्रतिमा त्याच लेखनावरून तयार झाली. पण त्याआधी एक तप त्या इंग्रजीत कविता लिहीत होत्या. त्यांचा पहिला संग्रह ‘बिट्वीन बर्थ्‌स’ १९६८ मध्ये आणि दुसरा ‘लॉस्ट लव्ह’ १९७० मध्ये रायटर्स वर्कशॉपनेच काढला. महर्षी कर्व्यांची नात आणि इरावती कर्व्यांची मुलगी असलेल्या या पुण्याच्या लेखिकेला पहिल्या पुस्तकासाठी कोलकात्याचा पत्ता शोधावा लागला, ही वस्तुस्थिती आपल्या इथल्या प्रकाशनव्यवहाराविषयी पुष्कळ सांगते. या कविता आकाराने लहान आहेत. प्रेम, लग्न, विरह आणि शरीर यांविषयी त्या साध्या, जवळजवळ बोलण्यातल्या भाषेत लिहिलेल्या आहेत. सगळ्या सारख्या ताकदीच्या नाहीत. काहींचा शेवट घाईने झाल्यासारखा वाटतो, तर काहींत भावना शब्दांच्या पुढे धावते. पण त्यांच्या मराठी नायिका पुढे जे बेडरपणाने बोलल्या, त्याचा सराव इथे झालेला आहे. नात्यात राहूनही आपले एकटेपण न सोडणारी बाई त्यांच्या मराठी कथेत येण्याच्या दहा-बारा वर्षे आधी या पानांवर दिसते. मराठी समीक्षेने गौरी देशपांडे यांच्यावर भरपूर लिहिले आहे, तरी हे दोन संग्रह हातात घेऊन केलेली चर्चा माझ्या वाचनात फार थोडी आली. संस्थेने या एका लेखिकेला पहिले पुस्तक दिले, एवढ्यावरही मी तिची ऋणी राहीन.

यादीची दुसरी बाजूही सांगायला हवी. ३,००० पुस्तकांपैकी मोठा भाग असा आहे की तो पुन्हा वाचावासा वाटत नाही. निवृत्तीनंतर लिहिलेल्या भावकविता, प्रवासात सुचलेल्या ओळी, पाश्चात्त्य कवींच्या वळणावर गेलेल्या प्रेमकविता यांचे प्रमाण पुष्कळ आहे. त्यांतल्या अनेकांवर एखाद्या परखड संपादकाने हात फिरवला असता तर पुस्तक निम्म्यावर आले असते आणि दुपटीने चांगले झाले असते. एकट्या माणसाने शेकडो हस्तलिखिते वाचायची म्हटल्यावर ते होणे अवघड होते. शिवाय लालांची वृत्ती दार उघडे ठेवण्याची होती. कोण पुढे मोठा कवी होईल हे पहिल्या पुस्तकावरून ओळखता येत नाही, असे त्यांना मनापासून वाटत असावे, आणि वर दिलेली नावे पाहिली तर त्यांना चूक म्हणणे कठीण आहे. यादीतला भरड माल हा त्या उघड्या दाराचा मोबदला आहे, आणि वाचक म्हणून मी तो मान्य करते. या संस्थेचे पुस्तक केवळ कापड पाहून घेऊ नये, हे मात्र नव्या खरेदीदाराला स्पष्ट सांगावे लागते.

या असमानतेची चर्चा शेवटी पैशांपाशी येऊन पोहोचते. लेखकाने आपल्या पुस्तकाच्या १०० प्रती आधी विकत घ्याव्यात, अशी संस्थेची अट राहिली. या अटीमुळे अनेकांनी तिला पैसे घेऊन छापणाऱ्या प्रकाशकांत जमा केले. हा आरोप मला पूर्णपणे न्याय्य वाटत नाही, आणि पूर्णपणे निराधारही वाटत नाही. अट उघड होती, लेखकाला ती आधीच माहीत असे, आणि त्या पैशांतून कोणाची माडी उभी राहिली नाही. छपाईचा आणि बांधणीचा खर्च निघे आणि पुढच्या अनोळखी कवीचे पुस्तक निघे. मराठीत कविता छापणाऱ्या कोणालाही विचारावे. संपूर्ण खर्च कवीने करायचा, वर तो केला हे लपवायचे, आणि प्रतींचे गठ्ठे घरी पलंगाखाली ठेवून ओळखीच्यांना भेट द्यायचे, हा व्यवहार आपल्याकडे किती रुळलेला आहे हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या तुलनेत १०० प्रतींची उघड अट मला अधिक सभ्य वाटते.

तरीही एक गोष्ट खटकते. ज्याला १०० प्रती घेणे परवडत नाही, त्याच्यासाठी हे उघडे दारही बंदच राहते. अनोळखी कवींमध्ये असे लोक थोडे नसतात, आणि त्यांच्यात दलित, आदिवासी, खेड्यातून आलेले आणि स्वतःची कमाई नसलेल्या स्त्रिया अधिक असतात. १९७५ मध्ये आपल्याकडे सुरू झालेल्या ‘ग्रंथाली’ने हाच प्रश्न दुसऱ्या टोकाने सोडवू पाहिला, भार लेखकावर न टाकता वाचकांकडून आगाऊ पैसे घेतले आणि त्यांना स्वस्तात पुस्तक दिले. त्याच ‘ग्रंथाली’ने दया पवार यांचे आत्मकथन छापले, ही गोष्ट मला या संदर्भात फार महत्त्वाची वाटते. वाचकांची अशी फळी इंग्रजी कवितेला कोलकात्यात मिळाली असती का, याविषयी मला शंका आहे. पण तसा प्रयत्न झाला असता तर यादीचा चेहरा वेगळा झाला असता, एवढे नक्की म्हणता येईल.

मुंबईत लेखकांनी चालवलेल्या प्रकाशनाचे एक अगदी वेगळे उदाहरण आहे, आणि त्याच्याशी तुलना केल्याशिवाय हे परीक्षण अपुरे राहील. १९७६ मध्ये आदिल जस्सावाला, अरुण कोलटकर, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल या चार कवींनी ‘क्लिअरिंग हाउस’ सुरू केले आणि पहिल्याच वर्षी चौघांचे एकेक पुस्तक काढले. कोलटकर जाहिरात क्षेत्रातले निष्णात चित्रकार आणि आरेखनकार असल्यामुळे पुस्तकांच्या रूपाला त्यांचा हात लागला. त्यांच्या ‘जेजुरी’ला १९७७ चा कॉमनवेल्थ काव्यपुरस्कार मिळाला. पुढे महापात्र आणि दिलीप चित्रे यांच्यासारख्यांची पुस्तके धरून १९८४ पर्यंत एकूण ८ पुस्तके निघाली आणि काम थांबले. मराठी कवितेच्या बाजूला अशोक शहाणे यांच्या ‘प्रास प्रकाशन’ने १९७७ मध्ये कोलटकरांचा पहिला मराठी संग्रह काढला, आणि तिथेही निवड काटेकोर, पुस्तके मोजकी आणि मांडणी विचारपूर्वक होती. वाचक म्हणून मला कोणी निवड करायला सांगितली, तर क्लिअरिंग हाउसची ८ पुस्तके मी डोळे मिटून घेईन. त्यांत टाकून द्यावे असे एकही नाही. पण जस्सावालांचे १९७६ चे पुस्तक हे त्यांचे दुसरे होते, आणि पहिले त्याआधी १४ वर्षे कोलकात्यात निघाले होते. महापात्रही क्लिअरिंग हाउसकडे आले ते रायटर्स वर्कशॉपच्या वाटेनेच. निवडक पुस्तके काढणाऱ्या संस्थेला निवडण्याजोगे कवी तयार मिळतात, कारण आणखी कोणीतरी त्यांना आधी छापलेले असते. कवीचे नाव झाल्यावर तो मोठ्या प्रकाशकाकडे गेला तर लालांना त्याचा राग नव्हता. आपले काम तिथे पुरे झाले असे ते मानत.

लालांच्या स्वतःच्या लेखनातले सर्वांत मोठे काम म्हणजे महाभारताचा श्लोकागणिक इंग्रजी अवतार. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ते त्याला लागले. आधी छोट्या छोट्या हप्त्यांच्या पुस्तिका निघाल्या, नंतर पर्वांचे मोठे खंड आले, आणि १९९९ पासून दर रविवारी ते कोलकात्यातल्या एका सभागृहात हे भाषांतर मोठ्याने वाचून दाखवीत. पुण्याच्या वाचकाला यात खास रस वाटावा असा एक मुद्दा आहे. भांडारकर संस्थेने अनेक हस्तलिखिते ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली आणि मागाहून घुसलेले श्लोक बाजूला काढले. लालांनी उलट मार्ग धरला. लोकांनी पिढ्यानपिढ्या ऐकलेले सगळेच महाभारत त्यांना हवे होते, म्हणून काही गाळायचे नाही असे त्यांनी ठरवले. त्याच सुमारास, १९६७ मध्ये, इरावती कर्व्यांचे ‘युगान्त’ आले, जे चिकित्सक आवृत्तीचा आधार घेऊन माणसांकडे माणसे म्हणून पाहते. आई पुण्यात महाभारतावर लिहीत होती आणि मुलीच्या कविता महाभारत भाषांतरित करणाऱ्या माणसाच्या घरात छापल्या जात होत्या, हा योगायोग मला लोभस वाटतो. भाषांतराची इंग्रजी ठिकठिकाणी लयदार आहे, विशेषतः संवादांत आणि शापांत. लांब वर्णने आणि वंशावळी मात्र सलग वाचवत नाहीत. त्या ऐकण्यासाठीच आहेत असे वाटते. सगळे खंड एकदम घेण्यापेक्षा सभापर्व किंवा उद्योगपर्वापासून सुरुवात करावी, कारण त्यांतल्या वादविवादांत लालांची भाषा सर्वांत जिवंत आहे.

लालांचे ३ नोव्हेंबर २०१० रोजी निधन झाले. त्यानंतर त्यांचे पुत्र, नाट्यसमीक्षक आणि जादवपूर विद्यापीठात इंग्रजी शिकवलेले आनंद लाल यांनी काम पुढे चालवले. एका माणसाच्या हस्ताक्षरावर आणि एका माणसाच्या टेबलावर उभी असलेली संस्था त्याच्यामागे टिकावी, हे आपल्याकडे विरळा घडते. मराठीतली कितीतरी लघुप्रकाशने संस्थापकाबरोबर मिटली.

ज्यांना पुस्तके घ्यायची आहेत त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. नेहमीच्या पुस्तकांच्या दुकानांत ही पुस्तके क्वचितच दिसतात, त्यामुळे थेट संस्थेकडून मागवणे हा खात्रीचा मार्ग आहे. १९६० आणि १९७० च्या दशकांतल्या पहिल्या आवृत्त्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात शोधाव्या लागतात, आणि कवीचे नाव मोठे असेल तर विक्रेता त्याप्रमाणे किंमत सांगतो. जुनी प्रत घेताना कण्याची शिवण उघडून पाहावी, कसर लागली आहे का ते पाहावे. रंग उडाला असेल तर त्याची फिकीर करू नये. नव्या कवीचे पुस्तक घेण्याआधी त्याच्या चार-पाच कविता कुठेतरी वाचून घ्याव्यात. पहिली निवड म्हणून मी गौरी देशपांडे यांचे दोन्ही संग्रह, इझिकेल यांचे १९६५ चे पुस्तक आणि दारूवाला यांचे १९७० चे पहिले पुस्तक सुचवीन. इंग्रजी कवितेची फारशी सवय नसलेल्या वाचकाला यांपैकी इझिकेल सर्वांत लवकर जवळचे वाटतील.

जे मराठी लेखक इंग्रजीतही लिहितात आणि तिकडे हस्तलिखित पाठवण्याच्या विचारात आहेत, त्यांनी आजच्या अटी संस्थेला आधी विचारून घ्याव्यात, आणि प्रती विकत घ्याव्या लागणार असतील तर त्या कोणाच्या हातात द्यायच्या याची यादी हस्तलिखिताबरोबरच तयार करावी. ग्रंथालये, महाविद्यालयांचे इंग्रजी विभाग, परीक्षण लिहू शकणारे वाचक अशा पन्नास-साठ जागा जरी आधी ठरल्या, तरी ती अट ओझे न राहता पुस्तकाच्या प्रसाराचे साधन होते. संस्थेकडे माझी एकच मागणी आहे. गौरी देशपांडे यांचे तिथे निघालेले दोन्ही संग्रह एकत्र करून, त्यांच्या मराठी लेखनाशी असलेला संबंध उलगडणाऱ्या प्रस्तावनेसह, त्याच हातमागाच्या कापडात पुन्हा काढावेत. महाराष्ट्रातून त्या पुस्तकाच्या प्रती आगाऊ घेणारे वाचक नक्कीच मिळतील, आणि त्यांत माझे नाव पहिल्या पानावर लिहून घ्यावे.